पोर्ट एक झाले, पण पडद्यावर चित्र येईल याची खात्री कुठे आहे?

कृष्णाकाठ

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाची व्याख्यानमाला दरवर्षी भरते आणि सभागृहातील प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक व पडदा यांची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात गडांवरील पाण्याच्या टाक्यांविषयी सचित्र व्याख्यान होते. वक्त्यांच्या नव्या लॅपटॉपला डावीकडे दोन यूएसबी-सी पोर्ट होते आणि हेडफोनची जागा सोडली तर दुसरे काहीही नव्हते. आमच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय आणि व्हीजीए या चित्राच्या जोडण्या आहेत. मधला अडॅप्टर मी आदल्याच दिवशी पुतणीच्या लॅपटॉपवर लावून पाहिला होता, म्हणून निर्धास्त होतो.

अडॅप्टर लावला आणि पडदा निळाच राहिला. केबल बदलली, प्रोजेक्टर बंद करून पुन्हा सुरू केला, लॅपटॉपही पुन्हा सुरू केला. सभागृह भरलेले होते आणि पंचवीस मिनिटे निघून गेली. शेवटी छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन ग्रंथालयाच्या जुन्या संगणकावरून व्हीजीए केबलने दाखवली. त्या केबलची हिरव्या रंगाची पिन वाकलेली निघाली, त्यामुळे पावसाळ्यातल्या गवतापासून टाक्यांतल्या शेवाळापर्यंत सगळे जांभळट दिसत होते. वक्त्यांनी नाराजीचा शब्द काढला नाही, परंतु दर दोन-तीन चित्रांनंतर ‘प्रत्यक्षात हे हिरवे आहे’ असे त्यांना सांगावे लागत होते आणि मला मान वर करवत नव्हती.

वक्ते मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातल्या उजेडात तोच लॅपटॉप पुन्हा पाहिला. एका पोर्टाशेजारी तांदळाच्या कणीएवढे डिस्प्लेपोर्टचे, म्हणजे चित्र बाहेर देणाऱ्या जोडणीचे, चिन्ह छापलेले होते, तर दुसऱ्याशेजारी फक्त बॅटरीचे होते. चार्जिंग दोन्हींतून होत होते, चित्र मात्र एकातूनच बाहेर पडत होते, आणि नेमका त्याच पोर्टात आम्ही आदल्या संध्याकाळी चार्जर लावून ठेवला होता.

व्हीजीए १९८७ चे, डीव्हीआय १९९९ चे, एचडीएमआय २००२ चे आणि डिस्प्लेपोर्ट २००६ चे; शिवाय त्यांतल्या काहींच्या मिनी आणि मायक्रो आवृत्त्या. या सगळ्यांचे अडॅप्टर आमच्या कपाटात एका डब्यात साठले आहेत. २०१४ मध्ये यूएसबी-सी आले तेव्हा वीज, डेटा आणि चित्र या तिन्हींसाठी एकच जोडणी मिळाली असे आपल्याला सांगितले गेले आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे अशा उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. पण ती सक्ती चार्जिंगपुरती आहे. ज्या उपकरणाला स्वतःचा पडदा आहे आणि यूएसबी-सी पोर्ट आहे, त्याच्या प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर आलेच पाहिजे, असा नियम का असू नये? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विद्युतरेषा

धागा काढल्याबद्दल आभार. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि हा गोंधळ दर सत्रात प्रकल्पांच्या सादरीकरणाच्या दिवशी पाहतो, म्हणून आत काय घडते ते आधी सांगतो.

यूएसबी-सीच्या पोर्टात २४ पिना असतात. त्यांतल्या काही विजेच्या, काही ग्राउंडच्या म्हणजे विजेच्या परतीच्या, दोन जोड्या जुन्या यूएसबी २ साठी आणि उरलेल्यांत वेगवान डेटाच्या चार जोड्या. चित्र पाठवण्यासाठी याच चार जोड्या वापरल्या जातात. डिस्प्लेपोर्टचे मानक सांभाळणाऱ्या व्हेसा या संस्थेने सप्टेंबर २०१४ मध्ये ‘ऑल्टरनेट मोड’ जाहीर केला. त्यात लॅपटॉप आणि अडॅप्टर केबलमधल्या सीसी नावाच्या बारीक तारेवरून आधी बोलणी करतात. तुला डिस्प्लेपोर्ट समजते का, किती जोड्या हव्यात, हे ठरले की त्या जोड्यांवरून यूएसबीचा डेटा थांबतो आणि त्यांच्यावरून डिस्प्लेपोर्टचे संकेत वाहू लागतात.

यासाठी लॅपटॉपच्या मदरबोर्डवर ग्राफिक्सच्या चिपपासून त्या विशिष्ट पोर्टापर्यंत मार्ग काढलेला असावा लागतो आणि मध्ये तो मार्ग वळवणारी चिप लागते. कंपनीने एका पोर्टासाठी ती बसवली आणि दुसऱ्यासाठी वाचवली, तरी बाहेरून दोन्ही पोर्ट तंतोतंत सारखे दिसतात. मानकाप्रमाणे ऑल्टरनेट मोड ऐच्छिक आहे, त्यामुळे कंपनीने नियम मोडला असेही म्हणता येत नाही. तुमची चूक तर मुळीच नव्हती.

केबलचीही हीच गत आहे. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक सी-टू-सी केबलींत वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात. आयफोन १५ डिस्प्लेपोर्टचे चित्र बाहेर देऊ शकतो, तरीही त्याच्याच खोक्यातल्या पांढऱ्या केबलीतून चित्र जात नाही. फोन सक्षम, मॉनिटर सक्षम आणि मधली केबल मुकी.

नेपथ्यामागे

मी नाशिक परिसरात सभा-समारंभांना प्रोजेक्टर आणि एलईडी पडदे भाड्याने देतो. कृष्णाकाठ यांची तळमळ पटते, पण सभागृहासाठी यूएसबी-सी ही एकमेव जोडणी व्हावी, याला माझा विरोध आहे आणि कारण लांबीचे आहे.

लग्नाच्या कार्यालयात व्यासपीठापासून प्रोजेक्टरपर्यंत पंधरा-वीस मीटर तार ओढावी लागते. व्हीजीए तेवढी जाते, कडा थोड्या मऊ पडतात इतकेच. चांगल्या तांब्याची एचडीएमआय केबल फुल एचडीसाठी दहा ते पंधरा मीटरपर्यंत मी रोज वापरतो. पूर्ण ४० गिगाबिट वेगाची साधी यूएसबी-सी केबल मात्र मीटरभराच्या आतच थांबते. त्यापुढे केबलीच्या टोकांत चिप असलेली किंवा प्रकाशतंतूची महाग केबल घ्यावी लागते आणि खुर्चीचा पाय तिच्यावर पडला की ती गेली. मोठ्या सभागृहांत एचडीबेसटी वापरतात, ज्यात साध्या नेटवर्कच्या केबलीवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेता येते. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी-सी असू द्या, परंतु भिंतीतून जाणारी तार वेगळीच राहणार, हे आधी मान्य करू.

आणखी एक. यूएसबी-सीला स्क्रू नसतात. व्हीजीएचे ते दोन निळे स्क्रू घट्ट केले की कुणी टेबलाला धडकले तरी चित्र जात नसे. यूएसबी-सीची पिन नुसत्या स्प्रिंगच्या पकडीवर असते आणि लॅपटॉप वळवला की निघते. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात पडदा काळा झाला की काय वाटते, ते मी अनुभवले आहे.

सेनकाठी

मी फ्रान्समध्ये अनेक वर्षे राहते. चित्रासाठी एकच जोडणी कायद्याने लादण्याचा प्रयोग या देशाने फार पूर्वी केला होता, म्हणून लिहिते.

इथे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून विकल्या जाणाऱ्या नव्या दूरचित्रवाणी संचांवर स्कार्ट नावाची २१ टोकांची जोडणी सक्तीची होती. इथले लोक तिला पेरीतेल म्हणतात. तळहाताच्या निम्म्या रुंदीची, तिरक्या कोपऱ्याची ती जाड पिन होती. चित्र, दोन्ही कानांचा आवाज, लाल-हिरवा-निळा असे वेगवेगळे रंगसंकेत, सगळे त्या एकाच जोडणीतून जात असे. आठव्या पिनेवर व्होल्टेज आले की टीव्ही आपोआप व्हिडिओकडे वळत असे. व्हिडिओ रेकॉर्डर सुरू केला की टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा लागत नसे. पुढे ती युरोपभर पसरली.

तरीही धागाकर्त्यांना आलेली अडचण इथल्या घराघरांत होती. टीव्हीच्या पाठीमागे दोन स्कार्ट असत आणि पुष्कळदा रंगसंकेत स्वीकारणारी जागा त्यांतली एकच असे. दुसऱ्या जागेत लावले तर चित्र येई, पण फिके आणि रंग एकमेकांत उतरलेले. स्वस्त केबलींत २१ पैकी निम्म्याच तारा जोडलेल्या असत आणि ते केबल उघडल्याशिवाय कळत नसे. माझ्या सासरी एका वर्तमानपत्राच्या कपट्यावर ‘वरची जागा, काळी केबल’ असे लिहून टीव्हीच्या पाठीला चिकटवलेले होते. सक्तीने खोक्याचा आकार एक झाला, पण आत कोणत्या तारा असाव्यात याची सक्ती अपुरी राहिली. कायदा करायचाच असेल तर तो पिनांमागच्या क्षमतेचा करावा, असे मला या अनुभवावरून वाटते.

फोंड्याचा शिक्षक

फोनविषयी कुणी लिहिले नाही म्हणून विचारतो. आमच्या शाळेत एका वर्गात टीव्ही आहे आणि लॅपटॉप नाही. मी स्वतःच्या खर्चाने यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल आणली, पण माझ्या फोनवरून काहीच दिसत नाही. विक्रेत्याने फोन यूएसबी-सीचा आहे एवढेच पाहून ती दिली. सहकारी शिक्षिकेच्या जुन्या, महागड्या फोनवर तीच केबल लगेच चालली. माझा फोन तिच्या फोनपेक्षा चार वर्षांनी नवा आहे. त्यात बिघाड आहे का?

दुसरा प्रश्न असा की शाळेच्या कार्यालयातल्या लॅपटॉपला हब, म्हणजे एका पोर्टातून अनेक जोडण्या देणारी डबी, लावला की फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकतो. हबच्या खोक्यावर फोर-के असे ठळक छापलेले आहे.

विद्युतरेषा

गुरुजी, तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. मध्यम आणि कमी किमतीच्या बहुतेक फोनच्या यूएसबी-सी पोर्टामागे फक्त यूएसबी २ च्या तारा असतात. त्यांतून चार्जिंग होते, फाइली जातात, चित्र जात नाही. महागड्या फोनांतही प्रत्येक कंपनीचे धोरण निराळे असते. सॅमसंगने २०१७ च्या गॅलेक्सी एस८ पासून फोन मॉनिटरला जोडून संगणकासारखा वापरण्याची सोय दिली. गूगलने पिक्सेल ८ मध्ये लागणारी यंत्रणा बसवली होती, पण ती जून २०२४ च्या सॉफ्टवेअर अद्यतनापर्यंत बंद ठेवली. त्या आधी ज्याने तो फोन घेतला, त्याला पोर्टाकडे कितीही निरखून पाहून हे कळणे शक्य नव्हते.

जुन्या मायक्रो-यूएसबीच्या काळातही हेच झाले होते. २०१० पासून एमएचएल आणि त्यानंतर स्लिमपोर्ट या दोन पद्धती त्याच आकाराच्या पोर्टातून चित्र बाहेर काढत, आणि एकीचा अडॅप्टर दुसरीला चालत नसे.

आता हबचा प्रश्न, कारण तो नीट समजून घेण्यासारखा आहे. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर सुमारे १२.५ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. हबला त्याच वेळी पेन ड्राइव्हसाठी वेगवान यूएसबीही द्यायचे असते, म्हणून तो चार जोड्यांपैकी दोन चित्राला आणि दोन डेटाला देतो. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन जोड्यांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिटच जातात. ते ६० वेळांना पुरत नाहीत, म्हणून हब मुकाट्याने ३० वर येतो आणि बाण अडखळतो. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन जोड्यांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि काम जेमतेम भागते. खोक्यावर ‘फोर-के’ पुढे ‘३० हर्ट्झ’ की ‘६० हर्ट्झ’ हे बारीक अक्षरांत असते. तेच आधी वाचावे.

केबलची दिशा हादेखील फसगतीचा मुद्दा आहे. एचडीएमआयसाठी स्वतंत्र ऑल्टरनेट मोड २०१६ मध्ये जाहीर झाला होता, पण त्याची उत्पादने बाजारात आलीच नाहीत आणि २०२३ मध्ये तो प्रयत्न सोडून दिल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे आज मिळणाऱ्या यूएसबी-सी ते एचडीएमआय केबलीत डिस्प्लेपोर्टचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी चिप असते आणि ती एकाच दिशेने चालते. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून यूएसबी-सी मॉनिटरला चित्र द्यायला तीच केबल उलटी लावली तर काहीही येणार नाही.

उंबरठा

मी वेगळे मत मांडतो. मोबाइल दुरुस्तीचे दुकान असल्यामुळे माझ्याकडे येणारे लोक मला ठाऊक आहेत. दहा हजारांचा फोन घेणाऱ्या शंभर जणांत टीव्हीला तार लावणारा क्वचित एखादा असतो. प्रत्येक फोनमध्ये चित्राचा मार्ग सक्तीचा केला तर त्या एकाच्या सोयीचा खर्च उरलेल्यांच्या खिशातून जाईल. वायरलेस पद्धतीने टीव्हीवर चित्र पाठवण्याची सोय पुष्कळ फोनांत आधीपासून आहे. प्रत्येक पोर्टाला सगळे यावे असा आग्रह धरणे मला गरिबाच्या विरोधातले वाटते.

सेनकाठी

उंबरठा, तुमचा खर्चाचा मुद्दा मी मान्य करते. वायरलेसच्या बाबतीत मात्र माझा अनुभव चांगला नाही. वर्गात चाळीस फोन एकाच वाय-फायवर असताना चित्र थांबत-थांबत येते, आणि पुष्कळ सार्वजनिक इमारतींत पाहुण्याला तिथल्या वाय-फायवर घेतच नाहीत. तार लावली की चित्र आले, ही खात्री अजून दुसऱ्या कशात नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उंबरठा यांच्यामुळे माझी मूळ मागणी मी बदलतो. फोनवर चित्राची सक्ती नको, पण जे आहे आणि जे नाही ते पोर्टाशेजारी आणि खोक्यावर वाचता येईल इतक्या मोठ्या आकारात छापण्याची सक्ती हवीच. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे पोर्ट, पिना आणि केबली यांचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केले, हे शोधताना कळले. पोर्टाचा आकार ठरला आहे, तर त्यामागे काय आहे ते सांगण्याची जबाबदारीही कुणावर तरी टाकायला हवी.

लॅपटॉपबाबत मात्र मी माघार घेणार नाही. पन्नास-साठ हजार मोजून घेतलेल्या लॅपटॉपच्या दोन सारख्या पोर्टांपैकी एकच बोलका असावा, याला खर्चाचे समर्थन पुरत नाही.

विद्युतरेषा

लॅपटॉपच्या बाबतीत तुमच्या बाजूने थोडे घडले आहे. थंडरबोल्ट ४ या यूएसबी-सीच्याच आकाराच्या वेगवान जोडणीच्या अटींत दोन फोर-के पडदे चालवण्याची क्षमता अनिवार्य आहे, म्हणून विजेच्या चिन्हाजवळ ४ हा आकडा दिसला की त्या पोर्टावर विसंबावे. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अटींनुसार विंडोज ११ चे प्रमाणपत्र हवे असलेल्या नव्या लॅपटॉपवर प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून डेटा, चार्जिंग आणि किमान एका पडद्याचे चित्र मिळाले पाहिजे. हे सरकारने केले नाही, ते एका कंपनीच्या प्रमाणपत्रातून आले, याचे मला वाईट वाटते. पण आले हे चांगलेच झाले.

ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोवर फक्त यूएसबी-सी ठेवले आणि २०२१ मध्ये त्याच मालिकेत एचडीएमआय पुन्हा बसवले, हेही लक्षात घ्यावे. त्यांच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र येत होते, तरीही लोकांना समोरच्या भिंतीवर एचडीएमआयच मिळत होते. चित्र पाठवणाऱ्या बाजूला यूएसबी-सी सर्वत्र आले, पण स्वीकारणाऱ्या बाजूला टीव्ही आणि प्रोजेक्टर अजून एचडीएमआयवरच आहेत. टीव्हीचे आयुष्य दहा-बारा वर्षे धरले, तर मधला अडॅप्टर इतक्यात जात नाही. चीनमध्ये पन्नासहून अधिक कंपन्यांनी मिळून २०२५ मध्ये जीपीएमआय नावाची नवी जोडणी पुढे आणली आहे. चित्र आणि वीज एकाच केबलीतून नेणाऱ्या या जोडणीचा एक प्रकार यूएसबी-सीच्याच आकाराचा आहे. म्हणजे त्या आकाराच्या पोर्टाला आणखी एक भाषा शिकावी लागेल.

ज्या पोर्टात ऑल्टरनेट मोड नाही, त्यासाठी डिस्प्लेलिंक पद्धतीचे अडॅप्टर मिळतात. ते चित्र दाबून साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवतात, पण त्यांचे सॉफ्टवेअर आधी लॅपटॉपवर बसवावे लागते. पाहुण्या वक्त्याला ऐन वेळी तसे करायला सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

कृष्णाकाठ

कार्यकारी मंडळाच्या परवा झालेल्या बैठकीत पुढील व्यवस्था ठरली, ती कळवतो. व्यासपीठापासून प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटरची एचडीएमआय केबल कायमची बसवायची आणि तिच्या टोकाला यूएसबी-सीचा अडॅप्टर दोरीने बांधून ठेवायचा. चित्र नेणाऱ्या केबलींना लाल दोरा आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलींना पांढरा दोरा गुंडाळायचा; हे काम काल संध्याकाळी पुतणीने आणि मी केले. आमच्याकडे अकरा सी-टू-सी केबली निघाल्या आणि मॉनिटरवर एकेक लावून पाहिल्यावर त्यांतल्या फक्त दोघींना लाल दोरा मिळाला. निमंत्रणपत्रासोबत वक्त्यांना लॅपटॉपच्या दोन्ही कडांची छायाचित्रे पंधरा दिवस आधी पाठवण्याची विनंती करायची, हेही ठरले.

गडांवरच्या टाक्यांचे व्याख्यान पुन्हा देण्यास वक्ते तयार आहेत. नेपथ्यामागे, केबल भिंतीच्या कोपऱ्यावरून दोनदा वळवावी लागणार आहे. तिथे काय काळजी घ्यावी?

नेपथ्यामागे

काटकोनात अजिबात दुमडू नका. वळणाचा घेर चहाच्या बशीएवढा तरी ठेवा आणि खिळ्याच्या क्लिपऐवजी रुंद पट्टी वापरा. केबल भिंतीत घालण्याआधी जमिनीवर मोकळी पसरून तासभर चित्र चालवून पाहा, कारण नंतर दोष निघाला तर गिलावा फोडावा लागतो. भिंतीतल्या नळीत दुसरी तार ओढता यावी म्हणून एक नायलॉनची दोरी आतच राहू द्या. आणि ती वाकलेल्या पिनेची व्हीजीए केबल टाकून न देता माझ्याकडे पाठवा, टोक बदलून देतो. गावोगावी अजून तिच्यावाचून अडते.